पंखा, तंबोरा आणि रेकॉर्डर : मंगळवार पेठेतील एका बैठकीच्या ध्वनिमुद्रणाचे प्रकरण

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर महिन्यातून एकदा गाण्याची किंवा सतारीची बैठक होते. चाळीस-पन्नास श्रोते, खाली जाजम, मागे लोड-तक्के, दोन तंबोरे, तबला आणि हार्मोनियम एवढाच सरंजाम असतो. लाऊडस्पीकर लावायचा नाही, हा पहिल्यापासूनचा नेम आहे. या बैठकींचे ध्वनिमुद्रण बरीच वर्षे माझ्याकडे आहे. ते हौसेचे काम आहे, आणि बराच काळ ते हौसेच्याच दर्जाचे होत होते. गेल्या वर्षी मंडळींनी वर्गणी काढून नव्या सामग्रीसाठी ९० हजार रुपये जमवले आणि निर्णय माझ्यावर सोपवला. त्या पैशाचे काय झाले, कोणत्या क्रमाने झाले आणि त्यातून ध्वनिमुद्रणात नेमका किती फरक पडला, याची ही नोंद आहे.

वर्गणीमागची तळमळ समजण्यासारखी होती. शाहू महाराजांच्या दरबारात राहून जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँ यांनी ज्या गावात आपली गायकी रुजवली, जिथे देवल क्लबसारखी संगीत संस्था १८८३ पासून आहे, त्या गावाला खाँसाहेबांचा आवाज आज ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्यवर्गातील केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांवर आहे. पण जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि जयपूर घराण्याचा विलंबित ख्याल त्या मापात बसणे शक्यच नव्हते. आमच्याकडे गाणारे कलावंत त्या उंचीचे असोत वा नसोत, त्यांचा पाऊण तासाचा ख्याल सबंध आणि स्वच्छ उतरावा, एवढीच अपेक्षा होती.

जुनी सामग्री आणि तक्रार

जुना रेकॉर्डर हातात मावणारा होता. त्याच्या डोक्यावर दोन छोटे माइक आणि खाली बाहेरचे माइक जोडायला दोन एक्सएलआर (तीन पिनांचे) जोड होते, पण ते जोड आम्ही कधी वापरलेच नव्हते. पहिल्या रांगेच्या पुढे, गायकापासून साधारण चार मीटरांवर, छोट्या तिपाईवर तो ठेवायचा, बटण दाबायचे आणि ऐकायला बसायचे, ही आमची पद्धत होती. तक्रार दोन प्रकारची होती. आलापाच्या हलक्या जागांमध्ये सुरामागे सतत एक ‘सूं’ ऐकू येई आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकारता गुंजारव, त्यात विरघळून जाई. उलट, ती हलकी जागा नीट यावी म्हणून गेन (माइकचा आवाज यंत्रात किती वाढवून घ्यायचा ते माप) वाढवला, की तबलजीने उठाण घेताच आवाज फाटे. एका बैठकीत तर तोडीचा उत्तम आलाप मिळाला आणि त्यानंतरची सगळी बंदिश फाटलेली निघाली. तो दोष यंत्राचा नव्हता. गेन मी वाढवला होता आणि पुन्हा खाली आणायचे विसरून ऐकत बसलो होतो.

मंडळींचे मत एकमुखी होते : रेकॉर्डर जुना झाला, नवा घ्यावा. माझेही मत तेच होते. पैसे हातात आल्यावर मात्र शंका आली, की हा ‘सूं’ नक्की कोणाचा आहे? रेकॉर्डरचा, माइकचा, की माडीचा? तिघांचेही गोंगाट ध्वनिमुद्रणात एकमेकांत मिसळलेले असतात आणि कानाला ते वेगळे करता येत नाहीत.

गोधडीची परीक्षा

यासाठी जी परीक्षा केली तिला पैसे लागले नाहीत. रेकॉर्डर चालू करून, बैठकीत ठेवतो तेवढाच गेन ठेवून, तो दोन गोधड्यांत गुंडाळला आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात रात्री दोन वाजता बंद केला. त्या शांततेत त्याने जे मुद्रित केले, तो जवळजवळ सगळा त्याचा स्वतःचा गोंगाट. मग त्याच गेनवर रिकाम्या माडीत तीन वेळा मुद्रण केले : संध्याकाळी सात वाजता पंखे चालू ठेवून, त्याच वेळी पंखे बंद करून, आणि पहाटे सहाला पंखे बंद ठेवून. संगणकावर चारही मुद्रणांची सरासरी पातळी पाहिली. कपाटातल्या पातळीच्या तुलनेत माडीचा आवाज पंख्यांसह २० डेसिबलने वर होता, संध्याकाळी पंखे बंद असताना १० ने, आणि पहाटे फक्त ५ ने.

इथे डेसिबलचा एक व्यवहार लक्षात घ्यावा लागतो. दोन असंबद्ध गोंगाट एकत्र आले आणि त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा १० डेसिबलने कमी असला, तर एकूण पातळी अर्ध्या डेसिबलनेही वाढत नाही. २० डेसिबलचे अंतर असेल तर लहान गोंगाट असून नसल्यासारखा असतो. याचा सरळ अर्थ असा, की पंखे चालू असताना आम्ही जगातला सर्वांत महागडा रेकॉर्डर आणून ठेवला असता तरी ध्वनिमुद्रणात तोच ‘सूं’ तेवढाच राहिला असता. तो पंख्यांचा होता. फोनमधल्या ध्वनिमापकावर पंख्यांसह माडीचा आकडा ४७ येत होता आणि पहिल्या रांगेतून हलका आलाप ४८ ते ५२ च्या दरम्यान दिसत होता. फोनच्या या आकड्यांवर निरपेक्ष मोजमाप म्हणून विसंबू नये. पण एकाच फोनने, एकाच जागेवर घेतलेल्या दोन आकड्यांतले अंतर बऱ्यापैकी विश्वासार्ह असते, आणि इथे ते अंतर जेमतेम एक ते पाच डेसिबलचे होते.

म्हणजे ‘सामग्री सुधारणे’ या कामाची पहिली पायरी पंख्याचे बटण ही होती. ती सर्वांत स्वस्त, पण सर्वांत अवघड निघाली. “पंखं बंद केलं तर माणसं उठून जात्यात की ओ,” असे एका ज्येष्ठ श्रोत्यांनी बजावले आणि एप्रिलच्या संध्याकाळी त्या माडीवर बसलेला कोणीही त्यांच्याशीच सहमत झाला असता. शेवटी तोडगा निघाला तो असा : थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बैठक संध्याकाळीच ठेवायची, कारण तेव्हा पंख्याची गरज नसते, मार्च ते मे या काळात ती पहाटे सहाला सुरू करायची, आणि पावसाळ्यात बैठक नेहमीप्रमाणे करायची, पण ध्वनिमुद्रणाचा आग्रह सोडायचा. माडीचा अर्धा भाग पत्र्याखाली आहे, आणि कोल्हापूरच्या जुलैतल्या पावसापुढे कोणताही माइक शहाणपण शिकवू शकत नाही. पहाटेच्या बैठकीला श्रोते थोडे घटले, हे मान्य करायला हवे. जे येतात त्यांना मात्र भैरव, तोडी, ललत हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात, आणि बैठक सुटल्यावर काही मंडळी गंगावेशीत दूध प्यायला जातात, ही भर निराळी.

पंख्यांबरोबर जुन्या ट्यूबलाइटचे चोकही गेले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकची गुणगुण १०० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत येते. रिकाम्या माडीच्या मुद्रणात ती स्पष्ट दिसत होती. बल्ब बदलल्यावर ती गेली. मुद्रण करताना रेकॉर्डर चार्जरवर न ठेवता बॅटरीवरच चालवायचा, हाही नियम तेव्हाच केला.

माइक : आकडा लहान, फरक मोठा

आता पहाटेची माडी कपाटाच्या पातळीपेक्षा ५ डेसिबलनेच वर होती. म्हणजे इथे प्रथमच सामग्रीच्या स्वतःच्या गोंगाटाला महत्त्व आले. पहिला प्रश्न असा, की बदलायचे काय : माइक की रेकॉर्डर?

एका परिचितांनी रोड कंपनीच्या एनटी ५ या माइकची जोडी दोन महिन्यांसाठी वापरायला दिली. या माइकचा स्वतःचा गोंगाट कंपनीच्या माहितीपत्रकात १६ डेसिबल दिलेला आहे आणि संवेदनशीलता एका पास्कल दाबाला १२ मिलिव्होल्ट. हे दोन आकडे एकत्र वाचले की उपयोगाची गोष्ट कळते. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबलचा आवाज. त्याला १२ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे उणे ३६ डीबीयू (विजेच्या दाबाचे डेसिबलमधले माप) मिळतात. माइकचा गोंगाट त्यापेक्षा ७८ डेसिबलने खाली, म्हणजे उणे ११४ डीबीयूच्या आसपास. आता रेकॉर्डरच्या प्रीअँपचा, म्हणजे माइकचा क्षीण संदेश वाढवणाऱ्या भागाचा, गोंगाट याच्या किती खाली आहे ते पाहायचे. शाहूपुरीतून १५० ओहमचे दोन रोधक आणून एक्सएलआरच्या रिकाम्या पिनांत डाखले, ते माइकऐवजी जोडले आणि मुद्रण केले. मग त्याच गेनवर माइक गोधडीत गुंडाळून पुन्हा मुद्रण केले आणि २०० हर्ट्झच्या खालचा भाग गाळून दोन्हींची तुलना केली. अंतर ७ डेसिबल निघाले. म्हणजे जुन्या रेकॉर्डरच्या जोडांवरचा गोंगाट उणे १२० डीबीयूच्या जवळपास होता, आणि तो पूर्णपणे नाहीसा करणारा रेकॉर्डर मिळाला असता तरी एकूण गोंगाट फक्त १ डेसिबलने उतरला असता.

ज्या यंत्राला आम्ही जुने म्हणून बाजूला टाकणार होतो, त्याच्या एक्सएलआर जोडांमध्ये खरे तर फारसे वावगे नव्हते. कमकुवत होते ते त्याच्या डोक्यावरचे चिमुकले माइक. प्रीअँपच्या गोंगाटाला महत्त्व केव्हा येते, तर माइकची संवेदनशीलता कमी असते तेव्हा. सभांमध्ये सर्रास दिसणारा शुअर एसएम ५८ हा डायनॅमिक माइक एका पास्कलला दोन मिलिव्होल्टही देत नाही. तो लांबून तंबोऱ्यासमोर ठेवला तर प्रीअँपला जिवापाड गेन द्यावा लागतो आणि मग ऐकू येतो तो प्रीअँपच. जास्त संवेदनशील असा कंडेन्सर माइक (एनटी ५ त्याच जातीचा) घेतला की हा प्रश्न बराचसा सुटतो. रोडचाच मोठ्या पडद्याचा एनटी १-ए अवघ्या ५ डेसिबलच्या गोंगाटाचा आहे, आणि त्याचाही विचार केला होता. पण पहाटेच्या माडीचा फोनवरचा आकडा ३० च्या आसपास असताना १६ चे ५ करून पदरात काहीच पडत नव्हते. शिवाय एवढे मोठे दोन माइक गायकाच्या तोंडासमोर उभे राहिले असते.

एनटी ५ ने एकूण पातळी किती उतरली? पहाटे दीड डेसिबलही नाही. हा आकडा पाहून मंडळींपैकी एकाने “एवढ्यासाठी?” असे विचारले, ते रास्तच होते. पण ऐकताना फरक दीड डेसिबलचा वाटत नव्हता, आणि त्याला कारण आहे. माडीचा स्वतःचा आवाज मुख्यतः ३०० हर्ट्झच्या खाली असतो : दूरची वाहतूक, कुठेतरी चालणारी पाण्याची मोटर, इमारतीची घरघर. जुन्या माइकचा ‘सूं’ मात्र वरच्या पट्टीत, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे होता, आणि जवारीचे चमकते उपस्वर नेमके तिथेच असतात. एकूण सरासरीत खालची घरघर सगळ्यांवर कुरघोडी करते, म्हणून आकडा हलत नाही. वरच्या पट्टीत मात्र गोंगाट सुमारे ९ डेसिबलने उतरला होता. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याने हाताने दोरा सरकवत लावली आहे, त्याला ही पट्टी समजावून सांगावी लागत नाही.

जागा

माइकइतकाच, कदाचित अधिकच, फरक केबलने केला. पूर्वी माइक आणि रेकॉर्डर एकच असल्यामुळे माइक कुठे ठेवायचा हे मला बसायला जागा कुठे मिळते यावर ठरत असे. पाच मीटरच्या दोन केबल आल्या आणि माइक चार मीटरांवरून दीड मीटरांवर आले. थेट आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. चारवरून दीडवर येताना तो साडेआठ डेसिबलने चढतो, तर माडीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. साडेआठ डेसिबलचा हा लाभ दोन केबल आणि एका स्टँडच्या किमतीत मिळाला. एवढा लाभ रेकॉर्डर बदलून कधीच मिळणार नव्हता.

जवळ येण्याचा तोटाही आहे. गायकाच्या उजव्या हाताला तबला असतो, डाव्या हाताला हार्मोनियम, मागे तंबोरे. माइक फार जवळ नेले तर तंबोरे मागे पडतात आणि तबला अंगावर येतो. दोन माइकच्या तोंडांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, ही फ्रेंच नभोवाणीच्या नावाने ओळखली जाणारी ओआरटीएफ मांडणी वापरली. पहिल्या बैठकीत ती बरोबर मध्यावर ठेवली आणि तबला नको इतका पुढे आला. दुसऱ्या वेळी स्टँड हार्मोनियमच्या बाजूला वीतभर सरकवला आणि उंची सव्वा मीटर ठेवून माइक किंचित खाली, गायकाच्या छातीच्या रोखाने वळवले. त्यातून तोल बसला. सतारीच्या बैठकीत तबला नसलेल्या आलाप-जोडासाठी हाच स्टँड सव्वा मीटरांवर आणला. त्याहून जवळ गेल्यावर मिजराबीचा टकटकाट आणि पडद्यांवरून बोटे सरकण्याचा आवाज सुरापेक्षा मोठा होऊ लागतो. कलावंताला समोर स्टँड आवडेल का, ही भीती होती. आदल्या दिवशी विचारून परवानगी घ्यायची आणि मुद्रणाची प्रत पहिल्यांदा त्यांनाच द्यायची, असा शिरस्ता ठेवल्यावर आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

एक चूक इथे नोंदवायला हवी. खालची घरघर काढण्यासाठी मी पहिल्या बैठकीत रेकॉर्डरमधला ८० हर्ट्झचा फिल्टर चालू केला. गायकांची पट्टी काळी एक होती. तिचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. फिल्टरने घरघरीबरोबर खर्जाचा पायाही खरवडून नेला आणि तंबोरा पत्र्यासारखा वाजू लागला. आता फिल्टर मुद्रणात कधीच लावत नाही. नंतर संगणकावर ४० हर्ट्झच्या खालचे तेवढे काढतो. गोंगाट पुसणारी सॉफ्टवेअरही वापरून पाहिली. ती ‘सूं’ पुसताना जवारीही पुसतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही सारखेच असतात.

रेकॉर्डर, सर्वांत शेवटी

एवढे झाल्यावर माइकची तशीच जोडी विकत घेतली, उसनी परत केली आणि मग रेकॉर्डरचा विचार केला. गोंगाटाच्या हिशेबाने त्याची गरज नव्हती. झूम कंपनीचा एफ ३ आम्ही घेतला. त्याच्या प्रीअँपचा गोंगाट उणे १२७ डीबीयू दिलेला आहे, आणि आमच्या माइकसह त्याचा लाभ पाऊण डेसिबलच्या आसपास येतो, जो कोणालाही ऐकू येणार नाही. तो घेण्याचे कारण वेगळे होते. तोडीच्या बैठकीत झालेली माझी चूक पुन्हा होऊ नये, हे ते कारण.

या यंत्रात गेनचे बटणच नाही. ते ३२ बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण करते, त्यामुळे पातळी आधी ठरवावी लागत नाही. हलका आलाप आणि तबल्याचे उठाण दोन्ही एकाच मुद्रणात शाबूत येतात आणि पातळी घरी बसून लावता येते. याबद्दल दोन गैरसमज मंडळींत होते. फ्लोटमुळे गोंगाट कमी होतो, हा पहिला. तसे होत नाही, गोंगाट माइकचा आणि माडीचाच राहतो. फ्लोट असले की काहीच फाटत नाही, हा दुसरा. माइकच जर आवाजाने भरून गेला तर फाटलेलेच मुद्रित होईल, पण तंबोरा आणि तबल्याच्या बैठकीत ती वेळ येत नाही. ज्याच्याजवळ पातळीवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस आहे आणि जो १० ते १२ डेसिबलची मोकळीक ठेवून २४ बिटमध्ये मुद्रण करतो, त्याला या यंत्रासाठी पैसे घालण्याची काही गरज नाही. आमच्याकडे मुद्रण करणारा माणूस ऐकायलाच आलेला असतो, म्हणून आम्हाला ती आहे.

मेमरीचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झला दोन मार्गिकांचे ३२ बिटचे मुद्रण तासाला सुमारे १.३८ जीबी घेते. तीन तासांची बैठक चार जीबीच्या थोडी पुढे जाते. ९६ किलोहर्ट्झला हेच दुप्पट होते आणि आमच्या कानांना त्यात काही अधिक मिळाले नाही. माइकना फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच वीज, द्यावी लागत असल्याने दोन पेन्सिल सेल लवकर संपतात, म्हणून यूएसबीवर पॉवर बँक जोडतो आणि सेल आत राखीव ठेवतो. कंडेन्सर माइकना ओल सोसत नाही. पावसाळ्याचे चार महिने ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असतात आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत ठेवतो.

आता थंडीच्या बैठका पुन्हा संध्याकाळी सुरू झाल्या आहेत आणि तिथे नवी अडचण दिसते आहे. संध्याकाळी पंख्यांविनाही माडी पहाटेपेक्षा पाच डेसिबलने मोठी असते, आणि हा फरक जवळजवळ सगळा बोळाकडच्या दारातून येतो : दुचाकी, पोरांचा खेळ, समोरच्या घरातला टीव्ही. एका सभासदांनी शिल्लक रकमेत आणखी भर घालून नॉयमन कंपनीची माइक जोडी घेण्याचे सुचवले होते. त्या दाराची फळी एका बोटाने हलते आणि खाली अर्ध्या इंचाची फट आहे. सुताराने गेल्या रविवारी येऊन फटीचे माप नेले आहे. आतून दुसरे, जाड फळीचे दार आणि चौकटीला रबरी पट्टी, असे ठरले आहे. रक्कम त्यात संपेल.